नोकरीआधी पैसे मागणारे नियुक्तीपत्र: ते कसे तपासावे आणि पैसे गेले असतील तर काय करावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यात राहणाऱ्या तुमच्या धाकट्या भावाने यंदा आयटीआयचा फिटर ट्रेड पूर्ण केला. मोबाइलवर आलेल्या एका जाहिरातीत त्याने नाव नोंदवले आणि दोनच दिवसांत छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका नामांकित कारखान्याचे नियुक्तीपत्र व्हॉट्सअॅपवर आले. नोंदणीचे १,५०० रुपये त्याने भरले आहेत. आता गणवेश, सुरक्षा बूट आणि प्रशिक्षण यांसाठी आणखी ५,००० रुपये आज संध्याकाळपर्यंत भरावेत, ते पहिल्या पगारात परत मिळतील, असे त्याला सांगण्यात येत आहे. पत्र खरे आहे का आणि भरलेले पैसे परत मिळतील का, असे तुम्ही विचारले आहे.

पत्र बनावट आहे. ५,००० रुपये भरू नका. पुढचे वाचण्याआधी भावाला १९३० या क्रमांकावर फोन करायला सांगा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन करताना व्यवहाराची तारीख व वेळ, रक्कम, ज्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यात पैसे गेले तो तपशील आणि पैसे भरल्यावर ॲपमध्ये दिसणारा १२ अंकी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर बँक ती रक्कम रोखून धरू शकते. त्यामुळे इथे एकेक तास मोलाचा असतो. उरलेले उत्तर सावकाश वाचले तरी चालेल.

पत्र न पाहता मी एवढ्या खात्रीने कसे सांगतो, असे तुम्हाला वाटेल. मी बावीस वर्षे वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केले असून त्यातील बहुतेक काळ भरतीचेच काम माझ्याकडे होते. या काळात हजारो मुलांची कागदपत्रे माझ्या टेबलावरून गेली, परंतु कामावर घेण्यासाठी उमेदवाराकडून एक रुपया जमा करून घेण्याची पद्धत मी एकाही चांगल्या कारखान्यात पाहिली नाही. कामाच्या व्यवहारात पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातो. आपल्या भागातील ऊसतोडीचा मुकादमसुद्धा हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडीला, उचल देतो. त्या उचलीत कुटुंबे कशी अडकतात, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको, पण पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, एवढेच इथे पाहा. कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असल्यास राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के कापले जातात, हे खरे आहे. मात्र ही कपात काम केल्यानंतर मिळालेल्या वेतनातून होते आणि वेतनचिठ्ठीवर दिसते. हजर होण्याआधी पीएफ उघडण्याचे शुल्क, विम्याचे शुल्क, ओळखपत्राचे शुल्क किंवा पडताळणीचे शुल्क असे काहीही नसते. अप्रेंटिस म्हणून घेतले तरी अप्रेंटिस कायदा, १९६१ प्रमाणे मुलाला विद्यावेतन मिळते, त्याच्याकडून शुल्क घेतले जात नाही.

साधारण आठ-नऊ वर्षांपूर्वीची जून महिन्यातील एक सकाळ मला अजून आठवते. पहिली पाळी आत गेल्यावर सुरक्षा केबिनमधून फोन आला की, एक मुलगा नियुक्तीपत्र घेऊन आला आहे आणि त्याचे नाव हजर होणाऱ्यांच्या यादीत नाही. मी बाहेर गेलो. हिंगोली जिल्ह्यातून रात्रीच्या एसटीने तो आला होता. पायांत नवे काळे बूट होते, पाठीवर अंथरूण बांधलेली बॅग होती आणि हातात ते पत्र होते. भिजू नये म्हणून त्याने ते लॅमिनेट करून आणले होते. पत्रावर आमच्या कंपनीचे बोधचिन्ह होते, पण ते दोन वर्षांपूर्वी बदललेले जुने चिन्ह होते. खाली ‘एचआर मॅनेजर’ म्हणून ज्याची सही होती, त्या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. त्याने तीन हप्त्यांत ९,२०० रुपये भरले होते आणि त्यासाठी वडिलांनी दोन शेळ्या विकल्या होत्या. आम्ही त्याला चहा-नाश्ता दिला आणि तक्रार अर्ज लिहून दिला. तो मात्र दिवसभर घरी फोन करायला तयार नव्हता. तुमच्या भावाने तुम्हाला वेळीच सांगितले, ही फार चांगली गोष्ट आहे. त्याला कृपया रागावू नका. ज्या घरात पोराला बोलणी बसतात, तिथे दुसरा हप्ता गुपचूप भरला जातो.

हप्त्यांची ही रचना मुद्दाम केलेली असते. पहिली रक्कम हजार-दीड हजाराच्या आसपास ठेवतात, कारण तेवढ्यासाठी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. ती भरली की समोरच्याला कळते की, हा मुलगा भरू शकतो. मग गणवेश, मग वैद्यकीय तपासणी, मग राहण्याच्या खोलीची अनामत अशी मागणी वाढत जाते आणि प्रत्येक वेळी “आता थांबलात तर आधीचे बुडतील” हेच सांगितले जाते. पहिले पैसे वाचवण्याच्या धडपडीत पुढचे जातात. ‘आज संध्याकाळपर्यंत’ ही मुदतही याच कामाची असते. रात्रभर विचार केला, गावातल्या चार माणसांना विचारले, तर माणूस सावध होईल, याची त्यांना भीती असते. खरा कारखाना हजर होण्यासाठी तारीख देतो, पैसे भरण्यासाठी घटका मोजत बसत नाही.

आता पत्राकडे पाहू. पत्र कोणत्या ईमेलवरून आले आहे, ते आधी पाहा. मोठी कंपनी जीमेलच्या पत्त्यावरून नियुक्ती देत नाही. तथापि हल्ली फसवणारे कंपनीच्या नावाला ‘करिअर’ किंवा ‘जॉब्स’ असा शब्द जोडून संकेतस्थळाचा नवा पत्ताच विकत घेतात, म्हणून ‘अॅट’ या चिन्हानंतरचा भाग कंपनीच्या मूळ संकेतस्थळाशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे पाहावे लागते. कंपनीच्या अधिकृत पत्रावर २१ अक्षरे-अंकांचा सीआयएन म्हणजे कंपनी ओळख क्रमांक असतो. त्यात राज्याची दोन अक्षरे आणि स्थापनेचे वर्ष असते. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की कंपनीचे नाव, पत्ता आणि ती चालू आहे की बंद, हे विनामूल्य दिसते. क्रमांक चुकीचा निघाला तर पत्र खोटे आहे, हे निश्चित होते. परंतु क्रमांक बरोबर निघाला म्हणून पत्र खरे ठरत नाही, कारण तो क्रमांक कोणीही उतरवून घेऊ शकतो. अनेक सुशिक्षित माणसेही इथेच चुकतात. त्यांनी कंपनी तपासलेली असते, पण पत्र त्या कंपनीने दिले आहे का, हे तपासलेले नसते.

ते तपासण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. पत्रावर दिलेल्या फोन क्रमांकाला स्पर्श न करता कंपनीला स्वतःच्या वाटेने गाठायचे. पत्रावरचा क्रमांक ज्याने पत्र बनवले त्याचाच असतो, आणि पलीकडचा आवाज कितीही अदबीने बोलला तरी तो त्याचाच साथीदार असतो. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून क्रमांक घ्या किंवा कोणाला तरी थेट गेटवर पाठवा. परभणी, जालना, हिंगोलीची शेकडो मुले बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी आणि वाळूजजवळच्या पंढरपुरात खोल्या करून राहतात. तुमच्या गावातील किंवा शेजारच्या गावातील एखादा मुलगा तिथे निघेलच. त्याने पाळीला जाता-येता पत्राची प्रत त्या कारखान्याच्या सुरक्षा केबिनमध्ये किंवा टाइम ऑफिसमध्ये दाखवली, तरी पाच मिनिटांत उत्तर मिळेल.

पैसे भरण्याआधी आणखी एक गोष्ट मोबाइलच्या पडद्यावरच दिसते आणि आपण ती वाचत नाही. यूपीआयने पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी समोरच्या खातेदाराचे बँकेतील नाव येते. नियुक्तीपत्र कारखान्याचे आणि पडद्यावर एखाद्या व्यक्तीचे नाव, असे असेल तर तिथेच थांबावे. “ते आमच्या अकाउंटंटचे खाते आहे” हे उत्तर ठरलेले असते. भावाकडे पहिल्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट असेल तर त्यावरील नाव पाहा, मी काय म्हणतो ते लक्षात येईल. “तुमचे पैसे परत करतो, फक्त क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका” असा फोनही यापुढे येऊ शकतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

पगाराचा आकडाही बोलका असतो. नवख्या फिटरला त्या परिसरात जेवढे वेतन मिळते, त्याच्या दुप्पट वेतन, वर राहणे-जेवण मोफत आणि मुलाखत फोनवर पाच मिनिटांची, असा योग एकत्र जुळून येत नाही. प्रत्यक्षात आयटीआयच्या मुलाची निवड कॅम्पसमधून, अप्रेंटिसशिपमधून किंवा ठेकेदारामार्फत होते. ट्रेडची छोटी परीक्षा होते, मूळ प्रमाणपत्रे पाहिली जातात आणि डॉक्टरची तपासणी कंपनीच्या खर्चाने होते. ठेकेदारांबाबत मात्र प्रामाणिकपणे एक सांगितले पाहिजे. काही छोटे ठेकेदार आणि प्लेसमेंटवाले पहिल्या पगारातून कमिशन कापतात किंवा नोंदणीचे दोन-पाचशे रुपये घेतात. तिथे निदान काम तरी खरे असते, त्यामुळे त्या सर्वांना या टोळ्यांच्या रांगेत बसवणे योग्य होणार नाही. तरीही माझा सल्ला न देण्याचाच आहे, कारण चांगली प्लेसमेंट संस्था आपले शुल्क माणूस मागवणाऱ्या कंपनीकडून घेते.

तुमच्या भावाने आधार, पॅन, बँक पासबुक आणि सहीचे फोटो पाठवले असतील, असे मी गृहीत धरतो. १,५०० रुपयांपेक्षा मला त्याची काळजी अधिक वाटते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर भावाच्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, ते दिसते. अनोळखी क्रमांक आढळल्यास तिथेच ‘माझा नाही’ अशी नोंद करता येते. त्याच्या नावाने कोणी कर्ज काढले का, हे पाहण्यासाठी प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो आत्ता एकदा आणि तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा घ्या.

याच ओघात, आपल्या भागातील महाविद्यालयीन मुलांना सध्या जी ‘नोकरी’ सर्रास दाखवली जाते, तिच्याविषयी सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात येतील, त्यातील दोन टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा, किंवा खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काही महिन्यांसाठी आम्हाला द्या आणि भाडे घ्या, असे ते काम असते. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. पोलीस पैशाच्या मागावर निघतात, तेव्हा त्यांना पहिले खाते याच मुलाचे सापडते. खाते गोठते, परराज्यातील पोलीस ठाण्याची नोटीस घरी येते आणि “मला माहीत नव्हते” हे सिद्ध करण्याचे ओझे त्या मुलावर येऊन पडते. तुमच्या भावाला पैसे परत करण्याच्या बदल्यात असे काही सुचवले गेले, तर त्याने ते साफ नाकारावे.

घरबसल्या डेटा एंट्रीच्या नावाने चालणारी फसवणूक त्याहून क्रूर आहे, आणि ती विशेषतः घरी असलेल्या मुली-स्त्रियांना गाठते. सुरुवातीला पैसे मागत नाहीत, त्यामुळे पैशाच्या दिशेचा जो नियम मी वर सांगितला तो इथे लगेच उपयोगी पडत नाही. एक करारनामा मोबाइलवर पाठवून त्यावर सही घेतात. आठवड्यात शेकडो फॉर्म भरायचे आणि अचूकता ठरावीक टक्क्यांच्या वर ठेवायची, अशी अट असते. काम कितीही नीट केले तरी अचूकता कमीच भरते, कारण मोजणारे तेच असतात. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते की, कराराचा भंग झाला, कंपनीचे नुकसान झाले, आज इतके हजार भरा, नाहीतर उद्या अटक होईल. घाबरून पैसे भरलेल्या भगिनींशी मी बोललो आहे. त्यांच्यातील एकीने नोटीस आल्यापासून तीन दिवस घरातला फोन बंद ठेवला होता. करार मोडल्याचा वाद हा दिवाणी वाद असतो आणि त्यासाठी पोलीस कुणाला अटक करत नाहीत, हे कृपया घरोघरी सांगा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते, आणि तीही दावा दाखल होऊन सुनावणी झाल्यानंतर. अशी नोटीस आल्यास पैसे न भरता १९३० वर कळवावे आणि ती पोलीस ठाण्यात दाखवावी.

टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे किंवा हॉटेलांना तारे देण्याचे काम याच जातीचे आहे. पहिले दोन-तीनशे रुपये खरोखर खात्यात येतात आणि विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’साठी, म्हणजे आधी पैसे भरून करायच्या कामासाठी, हजारो रुपये मागितले जातात. ॲपमध्ये वाढताना दिसणारी शिल्लक हा केवळ पडद्यावरचा आकडा असतो.

सरकारी नोकरीच्या दलालांवर मला जरा थांबावे लागेल, कारण आपल्याकडे जमिनी त्यांच्यापायी गेल्या आहेत. दलाल म्हणतो, “काम झाले तरच पैसे, नाहीतर परत.” हे ऐकून त्याचा धंदा सचोटीचा वाटतो. प्रत्यक्षात तो वीस उमेदवारांकडून पैसे, कोरे धनादेश आणि मूळ प्रमाणपत्रे घेतो आणि काहीही करत नाही. त्या वीसपैकी एक-दोन मुले स्वतःच्या अभ्यासावर निवडली जातातच. त्यांचे पैसे तो ठेवून घेतो आणि त्यांनाच पुढच्या वर्षी पुरावा म्हणून दाखवतो. उरलेल्यांना कधी अर्धे पैसे परत मिळतात, कधी काहीच मिळत नाही. ज्याची निवड स्वतःच्या गुणांवर झाली त्या मुलाला मात्र आयुष्यभर वाटत राहते की, आपण पैशाने लागलो. केंद्र सरकारच्या गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या आहेत, म्हणून ‘मुलाखतीत सांभाळून घेतो’ म्हणणाऱ्याजवळ सांभाळायला काही उरलेलेच नाही. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास त्याला संरक्षण आहे.

परदेशातील नोकरीविषयी थोडक्यात सांगतो. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असावा लागतो आणि ती यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला उमेदवाराकडून घेता येणाऱ्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. त्याहून अधिक मागणारा किंवा पर्यटक व्हिसावर कामाला पाठवणारा एजंट टाळावा. थायलंडमध्ये संगणकाचे काम म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबल्याचे उघड झाले आणि मार्च २०२५ मध्ये भारताला हवाई दलाची विमाने पाठवून त्यातील शेकडो जणांना परत आणावे लागले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पैसे परत मिळण्याची खात्री मी देऊ शकत नाही. व्यवहाराला किती वेळ झाला, यावर ते बरेचसे अवलंबून आहे. १९३० वर नोंद झाल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. भावाच्या बँक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. व्हॉट्सअॅपवरील संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचे जतन केलेले नाव न दिसता पूर्ण क्रमांक दिसेल, असे पाहा. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जा. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते आणि ऑनलाइन तोतयेगिरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लागू होते. “हे आमच्या हद्दीत झाले नाही” असे कोणी म्हणाले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. ज्या कंपनीच्या नावाने पत्र आले, तिच्या मूळ ईमेलवरही त्याची प्रत पाठवा. आमच्याकडे अशी पत्रे आली की आम्ही गेटवर आणि संकेतस्थळावर सूचना लावत असू आणि त्यामुळे पुढची मुले वाचत. “तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडे शुल्क भरा” असा निरोप पुढील काही दिवसांत आला, तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा समजा.

भावाला खरे काम शोधायचे आहेच, तर त्याने येत्या आठवड्यात ज्या आयटीआयमधून तो उत्तीर्ण झाला तिथल्या प्लेसमेंटचे काम पाहणाऱ्या निदेशकांना भेटावे. अप्रेंटिसशिप इंडिया आणि राज्याचे महास्वयंम् या दोन्ही पोर्टलवर स्वतःच्या हाताने नोंदणी करावी, त्यासाठी पैसे लागत नाहीत. परभणीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन रोजगार मेळाव्याच्या तारखा विचारून याव्यात. मेळाव्याला किंवा वाळूजला कोणत्याही गेटवर जाताना सोबत गुणपत्रिका, आयटीआय प्रमाणपत्र आणि आधारच्या झेरॉक्सचे चार संच न्यावेत. प्रत्येक झेरॉक्सवर कोणत्या कंपनीला आणि कोणत्या तारखेला दिली, हे पेनने आडवे लिहून सही करावी. मूळ प्रमाणपत्रे मागितल्यास समोर बसून दाखवावीत, आणि उठताना ती मोजून परत पिशवीत ठेवावीत.